बॉडी सापडली नाही आणि सरकारी वकिलाने खुनाची केस मागे घेतली, तर लोकांनी चिडणं बरोबर आहे का?

तुम्ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या केसबद्दल विचारलंय. बायको बेपत्ता, बॉडी नाही, नवऱ्यावर खुनाचा आरोप, आणि खटला उभा राहायच्या तोंडावर सरकारी वकिलानेच केस मागे घेतली. लोक भयंकर चिडले, ते बरोबर होतं का आणि आपल्याकडे असं झालं तर काय होईल, असा तुमचा प्रश्न.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. नागपूरच्या जिल्हा कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल आहे, 22 वर्षं झाली, आधी मशीन होती आता लॅपटॉप आणि प्रिंटर. अर्ज, शपथपत्र, जामिनाचे कागद, हेच काम. केस बंद झाली असं कळलं की माणूस बरेचदा वकिलाच्या आधी आमच्यासारख्याच्या टेबलावर येतो, कारण त्याला कुणाला तरी काहीतरी लिहून द्यायचं असतं, कुणाला आणि काय ते त्यालाही माहीत नसतं. त्यामुळे कलमांपेक्षा मी लोकांचा राग जास्त जवळून पाहिला आहे.

तर ती केस. मे 2020 मध्ये मदर्स डेच्या दिवशी ती बाई बेपत्ता झाली, सायकल घेऊन बाहेर पडली असं सांगितलं गेलं. वर्षभराने नवऱ्याला अटक. एप्रिल 2022 मध्ये सरकारी वकिलाने कोर्टाला सांगितलं की केस मागे घेतो, पण पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून. कारण दिलं की बॉडी कुठे असावी याचा अंदाज आलाय, पण डोंगरात बर्फ आहे. हे कारण खोटं होतं असं मी म्हणत नाही, पण त्याच्या आधी जे झालं होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. आरोपीच्या वकिलांना जे कागद वेळेत द्यायला पाहिजे होते ते सरकारी पक्षाने दिलेच नव्हते, पुन्हा पुन्हा सांगूनही, आणि जज साहेबांनी शिक्षा म्हणून सरकारचे बहुतेक एक्स्पर्ट साक्षीदार बाद केले होते. म्हणजे बॉडी नाही आणि एक्स्पर्टही नाही, अशा अवस्थेत खटला चालवला असता तर आरोपी सुटलाच असता.

आणि सुटला असता तर कायमचा. एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, तिथेही नाही आणि आपल्याकडेही नाही, आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातच आहे ते. त्यामुळे त्या दिवशी जे लोक "खुनी सुटला" म्हणून ओरडत होते त्यांना हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं की अशी मुभा ठेवून मागे घेतलेली केस जिवंत राहते, हरलेली केस मरते.

पुढे काय झालं पहा. सप्टेंबर 2023 मध्ये दुसऱ्याच एका प्रकरणाचा शोध घेताना तिचे अवशेष सापडले. पोस्टमॉर्टमच्या रिपोर्टमध्ये हाडांत जनावरांना बेशुद्ध करायच्या औषधांचे अंश मिळाले, मृत्यू म्हणजे हत्या असं लिहून आलं, आणि जून 2025 मध्ये नवऱ्याला पुन्हा अटक झाली. तो निर्दोष आहे असंच त्याचं म्हणणं आहे, 2022 मध्ये केस मागे घेतली त्या दिवशी त्याच्या दोन्ही मुली त्याच्या सोबत कोर्टातून बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे मी त्याला खुनी म्हणणार नाही. पण 2022 मध्ये हट्टाने खटला चालवून हरले असते तर ती हाडं सापडूनही काही करता आलं नसतं.

मग लोकांचा राग चुकीचा होता का? मला वाटतं राग बरोबर होता, पत्ता चुकला होता. कागद का दिले नाहीत, एवढ्या मोठ्या केसची तयारी अशी ढिली का, यावर चिडायला पाहिजे होतं. तिथे जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोक मतदान करून निवडतात, म्हणजे जाब विचारायचा हक्क सरळ मतदाराचा. ही केस मागे घेणाऱ्या मुख्य सरकारी वकील बाईच होत्या, त्यांची वकिलीची सनद 2024 मध्ये काढून घेतली, मीडियासमोर नको ते बोलणं आणि या केसचा सावळागोंधळ ही त्यातली कारणं होती. आपल्याकडे पीपी, म्हणजे सरकारी वकील, नेमला जातो, निवडला जात नाही, त्यामुळे आपला राग कुठे न्यायचा हेच लोकांना कळत नाही आणि तो मग पोलीस ठाण्याच्या काचांवर निघतो.

आता एक गैरसमज जो माझ्या टेबलावर रोज येतो: बॉडी नाही तर खुनाची केसच होत नाही. असं नाहीये. सुप्रीम कोर्टाने 1981 मध्येच रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात म्हटलंय की बॉडी सापडलीच पाहिजे अशी अट नाही, बाकीचा पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होऊ शकते, नाहीतर बॉडी नीट लपवणारा प्रत्येक जण सुटेल. आणि महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे ना, अश्विनी बिद्रे. सहायक पोलीस निरीक्षक होत्या, एप्रिल 2016 मध्ये बेपत्ता झाल्या, आरोपी पोलीस इन्स्पेक्टर, बॉडी वसईच्या खाडीत टाकली असं तपासात आलं आणि ती शेवटपर्यंत मिळाली नाही. तरी एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या कोर्टाने जन्मठेप दिली. 9 वर्षं लागली, त्या घरच्यांनी ती 9 वर्षं कशी काढली असतील विचार करा, पण केस टिकली.

आपल्या नागपूरचंही आहे. ऑगस्ट 2023 मध्ये इथली एक राजकीय कार्यकर्ती जबलपूरला गेली ती परत आलीच नाही, आरोपीने मारून हिरण नदीत टाकलं असं पोलिसांनी सांगितलं, भर पावसाळ्याची नदी, दिवसेंदिवस शोध. त्या महिन्यात कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता आणि प्रत्येक जण हेच म्हणत होता, बॉडी नाही मिळाली तर सुटते भाऊ तो. तेव्हाही मी हेच सांगत होतो की असं नसते.

पण मी हे सगळं इतक्या शांतपणे लिहून राहिलो त्याचं कारण एक मावशी आहे.

2016-17 च्या आसपासची गोष्ट. मावशीचा पोरगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, ऑटो चालवायचा, एका रात्री दोन मित्रांसोबत गेला आणि आला नाही. मिसिंगची तक्रार द्यायला गेली तर ठाण्यात सांगितलं, जवान पोरगा आहे, येईल दोन दिवसांनी, कुठे गेला असंल फिरायला. ठाण्याचं नाव मी घेत नाही. चार दिवसांनी तक्रार लिहून घेतली. त्या चार दिवसांत काय काय गेलं ते मला नंतर समजलं, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्याचं फुटेज गेलं, ऑटो धुऊन निघाला, मित्रांपैकी एक गावाला जाऊन आला. मग दोघांना पकडलं, एकाने कबूल केलं म्हणे की मारलं आणि नदीत टाकलं, पण पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, त्याच्या सांगण्यावरून काही सापडलं तर तेवढाच भाग चालतो, आणि सापडलं काहीच नाही. शेवटी पुरावा अपुरा म्हणून चार्जशीट न होताच दोघं सुटले.

बस्ती पेटली. टायर जाळले, रस्ता अडवला, दोन टीव्हीवाले आले, पोलिसांनी पैसे खाल्ले हे तर गृहीतच धरलं सगळ्यांनी. मीही धरलं, खरं सांगतो. मावशी माझ्या टेबलावर आली, पदराच्या गाठीत घडी केलेला फोटो होता. म्हणाली, "बाबू, माह्या पोराची केस बंद करून राहिले म्हणते, लिहून दे ना काहीतरी." मी असा अर्ज टाइप केला की विचारू नका. आरोपींना फाशी द्या, पोलिसांना सस्पेंड करा, सीबीआय लावा, तीन पानं. पैसे घेतले नाहीत.

बाजूच्या टेबलावर एक म्हातारे वकील साहेब बसायचे, त्यांनी तो कागद मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, यातली एकही मागणी कुणी मंजूर करणार नाही आणि जी करता येते ती एकही यात नाही. मग त्यांनी सांगितलं आणि मी पुन्हा टाइप केलं. तिन्ही मोबाईल नंबरांचे सीडीआर, म्हणजे कॉलचा रेकॉर्ड, आणि टॉवर लोकेशन आत्ताच मागवून जपून ठेवा. ऑटोची फॉरेन्सिक तपासणी करा, सीटखालचा पत्रा उघडून. आईच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी घेऊन ठेवा आणि यापुढे बेवारस सांगाडा सापडला की जुळवून पहा. आणि तपास बंद करत असाल तर कोणत्या कारणाने ते लेखी कळवा, म्हणजे कोर्टात हरकत घेता येईल. एक पान झालं फक्त. मावशीला ते आवडलं नाही. तिला फाशी हा शब्द पाहिजे होता. मलाही तोच पाहिजे होता.

त्या एका पानामुळेच नमुना घेतला गेला, नाहीतर कुणाला सुचलंच नसतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आपल्याकडे सरकारी वकील केस मागे घेऊ शकतो का. घेऊ शकतो, पण कोर्टाची परवानगी लागते. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम 321 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएस कायद्यात कलम 360 आहे, आणि त्यात एक चांगली भर पडली, परवानगी द्यायच्या आधी पीडिताचं म्हणणं ऐकायची संधी द्यावीच लागते. हे लक्षात ठेवा, कारण बरेच घरचे लोक नंतर टीव्हीवर रडतात पण त्या तारखेला कोर्टात कुणी नसतं. आणि अमेरिकेपेक्षा एक मोठा फरक आहे. आपल्याकडे चार्ज फ्रेम झाल्यावर, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केल्यावर, केस मागे घेतली तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो, पुन्हा दाखल करायची मुभा वगैरे नाही. म्हणून आपल्याकडे कच्चा पुरावा असेल तर घाईत चार्ज फ्रेम व्हावा म्हणून मोर्चे काढणं हे आपल्याच माणसाच्या विरोधात जातं. पोलिसांनी नुसतं ए समरी केलं असेल, म्हणजे गुन्हा खरा पण पुरावा नाही, तर नवीन काही मिळाल्यावर तपास पुन्हा उघडता येतो.

लोकांच्या रागाला कमी लेखू नका पण. नागपूरला ते सांगावं लागत नाही. 13 ऑगस्ट 2004 ला कस्तुरबानगरच्या बायांनी त्यांना छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला इथल्याच जिल्हा कोर्टात, भर कोर्टात मारलं. कित्येक वर्षं त्या बायांच्या तक्रारी कुणी ऐकल्या नव्हत्या. पुढे 2014 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. मी त्या वेळी नवीन होतो कामाला, त्या दिवसाबद्दल लोक अजूनही आवाज खाली करून बोलतात. कोर्टात काही होत नाही असं एकदा मनात बसलं की माणसं कुठपर्यंत जातात हे या शहराने पाहिलं आहे, म्हणून केस मागे घेताना सरकारी वकिलाने घरच्यांना बसवून दोन शब्द सांगितलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

आणि उलटी बाजूही सांगतो. कर्नाटकात कोडगूचा एक माणूस बायकोच्या खुनासाठी जवळजवळ दीड वर्ष जेलमध्ये होता. तिथे तर एक सांगाडाही होता, तो तिचाच म्हणून धरला, डीएनए जुळला नाही तरी केस चालू. एप्रिल 2025 मध्ये बायको मडिकेरीच्या एका हॉटेलात जिवंत दिसली. त्या माणसाला पकडलं तेव्हा गावात काय बोलले असतील लोक? त्याच्या मुलांना काय ऐकावं लागलं असेल? मावशीच्या बस्तीत आम्हीही त्या दोघांच्या घरावर दगड मारायला निघालेल्या पोरांना अडवलं नव्हतं, आणि आजपर्यंत मला माहीत नाही की त्या दोघांनी ते केलं की नाही केलं.

तुमच्या ओळखीत कुणी अशा प्रसंगात असेल तर एवढं करा: मिसिंगची तक्रार त्याच दिवशी, 24 तास थांबायचा नियम कुठेच नाही, ठाण्यात घेत नसतील तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. मोबाईल कंपन्या कॉलचा रेकॉर्ड ठराविक काळच ठेवतात, कॅमेऱ्याचं फुटेज तर थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते आधी मागा. माणूस परत येईल ही आशा सोडू नका पण त्याचा दाढीचा ब्रश, कंगवा, न धुतलेले कपडे डीएनएसाठी कागदी पाकिटात बाजूला ठेवा. हे सांगताना जीभ अडखळते माझी, दरवेळी अडखळते, तरी सांगतो.

मावशी अजून येते. मधे सात वर्षं झाली तेव्हा पोराचा मृत्यू कोर्टाकडून गृहीत धरून घ्यायचा दावा करायचा का असं मी विचारलं, रेशनकार्ड आणि ऑटोच्या कर्जाचा घोळ मिटला असता. नाही म्हणाली. पेपरात कुठे बेवारस सांगाडा सापडल्याची बातमी आली की कात्रण घेऊन येते, मी ठाण्याच्या नावाने दोन ओळींचं पत्र टाइप करतो, जुन्या अर्जाचा आवक नंबर टाकतो, आणि नमुना जुळवून पाहा एवढंच लिहितो. मागच्या महिन्यात एक पत्र दिलं, त्याचं उत्तर अजून यायचं आहे.