मोझांबिकमध्ये मध्यस्थी जमली, अंगोलात का फसली?

मोझांबिकची यादवी बाहेरच्यांच्या मध्यस्थीने मिटली, अंगोलाची का नाही, असं तुम्ही विचारलं आहे. दोन्ही पोर्तुगालच्या जुन्या वसाहती, करारही दीड वर्षाच्या आतबाहेर झालेले. फरक पडला तो कामाच्या क्रमाने आणि पैशाने.

अंगोलाचा बिसेस करार 31 मे 1991 चा. पोर्तुगाल, अमेरिका आणि सोव्हिएत संघाने तो जुळवला. संयुक्त राष्ट्रांकडे आली नुसती देखरेख, तीही सुमारे 350 लष्करी निरीक्षकांच्या बळावर. सरकारचं आणि युनिटा या बंडखोर संघटनेचं, अशी दोन्ही सैन्यं मोडून 50,000 जणांचं एकच सैन्य उभारायचं होतं. ते अर्धवट असतानाच सप्टेंबर 1992 अखेर मतदान उरकलं. राष्ट्राध्यक्ष दुश सांतुश यांना 49.57 टक्के, युनिटाचे नेते साविंबी यांना 40.07. म्हणजे दुसरी फेरी घ्यावी लागणार होती, पण साविंबींनी निकालच झुगारला. करारात हरणाऱ्यासाठी सत्तेचा वाटा नव्हता आणि त्यांचे सैनिक शाबूत होते. महिन्याभरात युद्ध पुन्हा पेटलं.

मोझांबिकचा करार रोममध्ये 4 ऑक्टोबर 1992 ला झाला. सांत एजिदियो या कॅथलिक संस्थेने आणि मोझांबिकमधल्या बैरा शहराच्या आर्चबिशपांनी त्यासाठी दोन वर्षं बैठका चालवल्या होत्या. अंगोलाचे हाल समोर असल्याने संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आल्दो आयेल्लो अडून बसले: आधी सैन्य मोडा, मग मतदान. 1993 ची निवडणूक वर्षभर लांबली. हजारो शांतिसैनिक आले, त्यांत भारतीयही होते. घरी जाणाऱ्या सैनिकाला दोन वर्षं भत्ता मिळाला. रेनामो या बंडखोर संघटनेला पक्ष म्हणून उभं राहायला वेगळा निधी दिला, त्यात इटलीचा वाटा मोठा. याला लाच म्हणणारे आहेत. मला हा सौदा स्वस्त वाटतो.

तरीही ऐन मतदानाच्या तोंडावर रेनामोचे नेते ध्लाकामा यांनी बहिष्कार जाहीर केला. शेजारी देश आणि राजदूतांनी दडपण आणल्यावर ते परतले, मतदान एक दिवस वाढवलं. लढाईकडे वळायला तेव्हा त्यांच्यापाशी ना सैन्य होतं, ना दक्षिण आफ्रिकेचा जुना आधार.

साविंबींकडे मात्र हिरे होते. त्या हिऱ्यांवर सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले ते थेट 1998 मध्ये. मधला अंगोलाचा 1994 चा लुसाका शांतता करारही त्यामुळेच पोकळ ठरला. शेवटी फेब्रुवारी 2002 मध्ये साविंबी लढाईत मारले गेले आणि सहा आठवड्यांत तह झाला. त्यात परक्या मुत्सद्देगिरीचं श्रेय थोडंच.

रोमचा करारही निर्दोष नव्हता. रेनामोने काही हत्यारबंद माणसं राखली, 2013 मध्ये पुन्हा चकमकी झाल्या आणि त्यांचा शेवटचा तळ बंद व्हायला 2023 उजाडलं.