अमळनेरचं जुनं घर आणि "आधी उघडून बघू" म्हणणारा मिस्त्री

ताई, आईवडिलांचं अमळनेरचं घर चाळीसेक वर्षांचं, स्लॅब गळतो, खालच्या भिंतींना लोणा धरलाय, म्हणजे ओलीबरोबर क्षार बाहेर येऊन गिलावा सुटतोय, आणि तुम्ही पुण्यात. मोठ्या ठेकेदाराने एका भेटीत सगळ्याचा आकडा दिला. एकट्याने काम करणारा मिस्त्री मात्र "आधी उघडून बघू, मग सांगतो" म्हणतोय. तो टाळतोय की खरं बोलतोय, हा तुमचा प्रश्न. मी स्वतः जळगाव-धुळे पट्ट्यात जुन्या घरांची दुरुस्ती एकट्याच्या जबाबदारीवर करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील गवंडी. ओळंबा धरायला त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढे एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. पगार वेळेवर मिळायचा, पण तिथे ओल्या भिंतीवर पुट्टी ओढून रंग मारायची घाई असायची. दिवाळीला घर चकाचक, पुढच्या पावसाळ्यात पोपडे. म्हातारी माणसं ठेकेदाराच्या दारात हेलपाटे घालायची, ते मला बघवत नव्हतं. नोकरी सोडली आणि दोन गोष्टी ठरवल्या: एका वेळी एकच घर घ्यायचं, आणि कुठलंही काम झाकण्याआधी मालकाला दाखवायचं. आजही त्याच पद्धतीने चालतो. त्यामुळे कामं कमी होतात, पण झोप लागते.

तुमचा मिस्त्री बरोबर बोलतोय. स्लॅबला खालून हातोडीने ठोकत गेलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो, फुगलेल्या जागी बद्द. पण आतली सळई कोणत्या अवस्थेत आहे ते नुसतं बाहेरून बघून-ठोकून कुणालाच नक्की सांगता येत नाही. वरवरचा गंज असेल तर सळईच्या मागचंही काँक्रीट फोडायचं, वायर ब्रशने लखलखीत करायची, गंजरोधक लावायचं आणि मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे चिकटपणासाठी पॉलिमर घातलेला सिमेंट-वाळूचा माल, भरायचा. १० मिमीची सळई झिजून बारीक झालेली निघाली, तर चांगला मिस्त्री तिथेच हात थांबवतो आणि इंजिनिअरला बोलवा म्हणतो. जो नुसतं सिमेंट थापून वर पुट्टी ओढतो, त्याच्या कामात गंज आत वाढतच राहतो आणि एक दिवस पोपडा डोक्यावर पडतो. म्हणून आधी एकूण रक्कम मागू नका. चौरस फुटाचा दर लिहून घ्या, आणि उघडल्यावर तुमच्या माणसासमोर टेप लावून माप घ्यायला सांगा. उघडल्यावरही तो गोलमोल बोलला, तर मात्र नको.

भिंतींना धरलेल्या लोणाबद्दल त्याला एकच विचारा: पाणी येतंय कुठून? जमिनीतली ओल विटांतून वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी वाळतं, क्षार गिलावा फोडून बाहेर येतो. त्यावर वॉटरप्रूफ सिमेंटचा थर चढवला की ओल अडकते आणि आणखी वर चढते. आपल्या गावांत रस्ता दरवेळी वर उचलला जातो आणि घराचं जोतं रस्त्याखाली जातं, हे कारण मला फार ठिकाणी सापडलंय. मोरीचा फुटका पाइप हे दुसरं. त्याने मोरी, मागचं अंगण, गटाराचा उतार हे सगळं फिरून पाहिलं का, ते आईंना विचारा. न बघता केमिकलचं नाव सांगणारा माणूस मला चालत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा असतील तर घाई नकोच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्याबरोबर पाया हलतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. भेग हलत असेल तर आधी पायाजवळ मुरणारं पाणी थांबवा, घराभोवती उताराची फरशी करून घ्या. भरणं नंतर.

गिलाव्याचं काम शक्यतो थंडीत काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, सिमेंटला लागणारं पाणी उन्हातच उडतं आणि गिलावा भुसभुशीत राहतो. गोणपाट बांधून निदान ७ दिवस पाणी मारायला हवं, गरमीत १० दिवस. हे काम म्हाताऱ्या आईवडिलांवर ढकलू नये; पाणी मारणाऱ्या बिगाऱ्याची मजुरी हिशेबात वेगळी लिहा.

पैशांचं सांगतो. सिमेंट, सळईची बिलं तुमच्या नावावर घ्या आणि पैसे दुकानदाराला थेट पाठवा. मजुरी टप्प्याटप्प्याने द्या. गच्चीचं काम झालं की पाणी जायच्या पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवायला लावा, खालून ओल दिसली नाही तरच शेवटचा हप्ता द्या. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे स्वतःहून सांगतो, आणि ज्याला काम नीट करायचंय तो मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

त्याने दोन पावसाळे उलटलेली घरं दाखवली तर वडिलांना तिथे पाठवा, आणि घरमालक एकटा असताना बोलायला सांगा. स्लॅबच्या खालच्या बाजूचे फोटो, जवळून आणि उजेडात काढलेले, मला पाठवलेत तर सळईचं काय दिसतंय तेवढं मी बघून सांगेन.