बार्सिलोनाहून मोन्सेरातचा मठ अर्ध्या दिवसात पाहून होतो का?

बार्सिलोनातल्या मुक्कामात सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन मोन्सेरात डोंगरावरचा बेनेडिक्टाइन (या कॅथलिक संन्यासी पंथाचा) मठ पाहायचा आहे, तर अर्धा दिवस पुरेल का, असे आपण विचारले आहे. धावतपळत पाहायचे असेल तर पुरेल. परंतु माझ्या मते त्याला पूर्ण दिवस द्यावा, नाहीतर तो वेळ शहरातच घालवावा. दुपारी तिथे सहलींच्या बसगाड्यांची इतकी झुंबड असते की हा आजही नांदता मठ आहे, हेच ध्यानात येत नाही.

प्लासा एस्पान्या स्थानकातून मानरेसाकडे जाणारी आर-५ गाडी घ्यावी. पायथ्यापासून वर जायला रोपवे किंवा दातेरी रुळांची रेल्वे असे दोन पर्याय आहेत. दोन्हींसाठी उतरायची स्थानके वेगळी असल्याने तिकीट काढतानाच निवड करावी लागते. रोपवे १९३० सालचा आहे आणि पाचच मिनिटांत वर पोहोचवतो; तरीही वडीलधारी मंडळी सोबत असताना मी रेल्वेच निवडेन, कारण ती थेट मठाच्या आवारात सोडते.

ओलिबा या मठाधिपतींनी १०२५ च्या सुमारास हा मठ स्थापला, पण नेपोलियनच्या सैन्याने १८११-१२ मध्ये तो उद्ध्वस्त केला. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीचे बांधकाम पाहायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नये; जुन्या गॉथिक ओवऱ्यांचा थोडा भाग तेवढा चौकात उभा आहे. खरे आकर्षण आहे ते बाराव्या शतकातली, मांडीवर बाळ येशू असलेली मरियामातेची काळी काष्ठमूर्ती. तिला १८८१ मध्ये कातालोनियाची (बार्सिलोना ज्यात येते त्या प्रांताची) आश्रयदाती म्हणून मान्यता मिळाली. मूर्ती काचेआड आहे, मात्र गोल धरलेला तिचा उजवा हात काचेतून बाहेर येतो आणि लोक रांगेने पुढे सरकत त्या गोलाला स्पर्श करतात. या दर्शनाची वेळ आधी राखून ठेवावी लागते, आणि वर जाताना पायऱ्या आहेत, हे आईवडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून सांगतो.

मुलांच्या एस्कोलानिया गायकवृंदाचे गायन रोज नसते आणि सुट्टीच्या काळात बंद असते, म्हणून मठाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत इथल्या कातालान भाषेची गळचेपी होत असताना या मठाने तिला आसरा दिला आणि डिसेंबर १९७० मध्ये बुर्गोस शहरात बास्क संघटना ‘एटा’च्या सदस्यांवर चाललेल्या लष्करी खटल्याच्या निषेधार्थ सुमारे ३०० लेखक-कलावंतांनी इथेच स्वतःला कोंडून घेतले, ही पार्श्वभूमी माहीत असेल तर स्थानिकांना या डोंगराविषयी एवढी आपुलकी का वाटते, ते उमजते.

गोव्याशी नाते असलेल्यांसाठी आणखी एक धागा आहे. १५२२ मध्ये इग्नेशियस लोयोला यांनी या मूर्तीसमोर रात्रभर जागरण करून आपली तलवार वाहिली आणि ते मानरेसाला गेले. पुढे त्यांनी स्थापलेल्या जेझुइट संघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. झेवियर यांचे पार्थिव जुन्या गोव्यात पाहिलेल्या माणसाला इथे उभे राहताना निराळेच वाटते. निदान मला वाटले.

दुपारी रस्त्याकडेच्या विक्रेत्यांकडून मातो नावाचे ताजे, मऊ चीज आणि मध घ्यावा. पाय साथ देत असतील तर सान जोआनच्या फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या रेल्वेने) वर जाऊन गोटेमिश्रित खडकांचे सुळके जवळून पाहावेत. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मठवासींच्या सायंप्रार्थनेला बसता येते. मात्र परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी पोहोचल्याबरोबर फलकावर पाहून ठेवावी.