नोकरी दोन वर्षांत संपेल; कंपनीचा आरोग्य विमा गेल्यावर काय करावे? (वय ५६, मधुमेह, लोटे औद्योगिक वसाहत)

नोकरी सुटण्याची वाट न पाहता आत्ताच स्वतःची पॉलिसी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विमा नियामकाने २०२४ मध्ये पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही) जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. त्यामुळे आज पॉलिसी घेतल्यास या काळातील बराचसा भाग कंपनीचा विमा चालू असतानाच सरेल. नोकरीतल्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि त्यात आधीच्या वर्षांचे श्रेय मिळते. त्याबाबत मनुष्यबळ विभागाकडे लेखी विचारणा करावी, कारण तोंडी आश्वासने ऐनवेळी उपयोगी पडत नाहीत. अर्जात मधुमेह मात्र लपवू नये. दावे नाकारले जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

आपल्याकडे मोठ्या आजारासाठी चिपळूणहून कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, म्हणून त्या शहरांतील कोणती रुग्णालये कॅशलेस यादीत (जिथे बिल विमा कंपनी थेट भरते) आहेत, हे हप्त्याच्या रकमेइतकेच महत्त्वाचे आहे.

हप्ता जड वाटल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पात्रता तपासावी. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, परंतु ठरावीक उपचारांपुरते आणि संलग्न रुग्णालयांतच. आयुष्मान भारतचे वयाधारित संरक्षण सत्तरीनंतरचे आहे. आंब्याच्या हंगामावर हप्ता अवलंबून ठेवू नका. बागेचे उत्पन्न असले तरी हप्त्याच्या रकमेसाठी वेगळी आवर्ती ठेव आजच सुरू करा.