काल रात्री कुठे झोपलात?

“मॅडम, काम गेलं. खोली कामाच्याच ठिकाणची होती, तीही गेली. आता घरी काय सांगू?”

पणजीत समुपदेशनाला बसते त्याला आता एकोणीस वर्षं होतील. मे महिना सरत आला की हा प्रश्न येतोच. विचारणारे वेटर असतात, आचारी असतात, लॉजवर रात्रपाळी करणारे असतात. बहुतेक दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगाव या बाजूचे. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे सीझनपुरती उभारलेली हॉटेलं, मेअखेरीस उतरवतात आणि ते पुन्हा उभे राहतात ते पावसाळा सरल्यावर. मधल्या महिन्यांत त्यात काम करणारा माणूस कुठे जातो, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. मीही केली नव्हती. ते मला ज्यांनी शिकवलं, त्यांची ही गोष्ट. हाताखालची पोरं त्यांना उस्ताद म्हणायची, मीही तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

उस्ताद आले ते निद्रानाशाची तक्रार घेऊन. सेहेचाळीस वर्षांचे, दोडामार्गकडचे, बावीस वर्षं तंदूरपुढे काढलेली. ओपीडीतल्या डॉक्टरांनी ‘गोळीआधी बोलून बघा’ म्हणून धाडलं होतं. मी माझं नेहमीचं सुरू केलं. संध्याकाळनंतर चहा नको, झोपायची वेळ एकच ठेवा, खोलीत अंधार ठेवा, मोबाइल लांब ठेवा. सोबत एक तक्ता दिला, रोजची झोपायची आणि उठायची वेळ लिहायला. ते मान डोलवत राहिले. पुढच्या खेपेला तक्ता भरून आणला. सातही दिवस एकच वेळ, साडेदहा, सुवाच्य अक्षरात. किती शिस्तीचा माणूस, असं मला वाटलं होतं.

तीन भेटी अशा गेल्या. मी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली. माणसाच्या दुःखामागचा ‘असंच व्हायला हवं’ हा हट्टी विचार शोधायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे, ही माझी सवय. उस्तादांचा विचार मला लवकर सापडला: कमावता पुरुष रिकाम्या हाताने घरी जाऊच शकत नाही. मी त्याच्याशी झुंजत राहिले आणि तो जागचा हलेना.

चौथ्या खेपेला मी लवकर पोचले होते. उस्ताद वेळेच्या पाऊण तास आधी आले. आधी मोरीत गेले, मग बाहेरच्या बाकावर बसून भिंतीतल्या प्लगला मोबाइल लावला. केस ओले. पिशवीतून साबणाची प्लास्टिकची डबी डोकावत होती आणि तिच्या कडेने पाण्याचा ओघळ पिशवीवर उतरला होता. जूनचा शेवटचा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. इतक्या पावसात आमच्याकडे येऊन अंघोळ करणारा माणूस! एकोणीस वर्षांत कुठल्याही पुस्तकाने मला जे दाखवलं नाही, ते त्या डबीने दाखवलं.

आत आल्यावर मी तक्ता बाजूला ठेवला.

“उस्ताद, काल रात्री कुठे झोपलात?”

ते बराच वेळ गप्प होते. मग आपल्या बोलीत म्हणाले, “मी खंय निजतंय, ह्यां माका कोणी इचारूकच नाय.”

रात्री पणजीच्या कदंबा बसस्टँडवर, पिशवी ओळखीच्या गाडेवाल्याकडे. आणि दिवसा? दिवसा पणजी–बेती फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिथे तिकीट नाही, डोक्यावर पत्रा आहे. मांडवी ओलांडायची, पलीकडे उतरायचं, पुढच्या बोटीने परत. दिवसात दहा-बारा वेळा. मी विचारलं, स्टँडवरच का नाही बसत? ते म्हणाले, “स्टँडवर बसलेला माणूस रिकामा दिसतो, बाई. फेरीत उभा असलेला कुठेतरी चाललेला दिसतो.”

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. ज्या लाजेवर मी तीन भेटी युक्तिवाद करत होते, ती लाज हा माणूस दिवसभर नदीवरून इकडून तिकडे वाहून नेत होता. छप्पर नसण्यापेक्षा ते लपवण्यात त्यांची जास्त ताकद खर्च होत होती. माझ्या अनुभवात बेघर झालेल्या माणसाला सर्वांत आधी हेच थकवतं. त्या अवस्थेत ‘विचार बदला’ सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं.

अशी माणसं मोजणीत येणंही अवघड. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. फेब्रुवारी म्हणजे ऐन सीझन, उस्तादांसारखे लोक त्या रात्री मालकाच्या खोलीत. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा निकष लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असा आहे, आणि पणजी महापालिकेची तेव्हाची लोकसंख्या होती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे लाखाच्या निम्मीही नाही. तरीही पालिकेत जाऊन निवाऱ्याची चौकशी करावी, असं मी प्रत्येकाला सांगते. विचारायला लाजू नये.

पुढच्या भेटीत मी जुनाच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी तो लागू पडला. “हाताखालच्या पोराचं काम सुटलं तर त्याला काय सांगाल?”

“चार दीस माझ्यावांगडा रव, असां सांगान.”

“मग तुम्हाला हे कोण सांगणार?”

त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच बायकोला फोन लावला. धाकटा भाऊ काजूच्या वाटणीवरून ‘पावसात फुकट खायला येतोस’ असं बोलला होता, म्हणून त्यांनी गाव टाकलं होतं. बायकोला मात्र सांगत होते की पाचजणांत चांगली खोली आहे. आता खरं सांगितलं. पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला, “माका म्हायत आसा. कंडक्टर ‘म्हापशे, म्हापशे’ करून वरडता, ता माका हयसर ऐकाक येता.”

महिनाभर दोघं एकमेकांना सांभाळत होती, गप्प राहून.

घरच्यांना म्हणून मी सांगते: ‘घरी ये’ हा आग्रह आधी धरू नका. ‘जेवलास का, भिजतोस का’ विचारा. यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. आणि ज्याचं छप्पर पगाराला बांधलेलं आहे त्याने सीझनच्या पहिल्या पगारापासून डिपॉझिटची रक्कम बाजूला टाकायला लागावं. खोली एप्रिलमध्येच बघावी, जूनमध्ये ओली पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्याला घरमालक दारातूनच वाटेला लावतो. आधार कार्ड मालकाच्या कपाटात ठेवू नका. भाडेकरूच्या पोलिस पडताळणीला ओळखपत्र लागतं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत गावचं कार्ड इकडच्या दुकानातही चालू शकतं, ते बघून घ्या. आणि शक्य असेल तर काम आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात देऊ नका, मग पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. या शेवटच्या मुद्द्यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात. मी ऐकत नाही.

उस्तादांना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कँटीनचं बारमाही काम मिळालं. पगार शॅकपेक्षा कमी. म्हार्दोळला तिघांत एक खोली. डिपॉझिट वहिनींनी बचत गटातून उचलून दिलं, आणि ते घ्यायला त्यांना तयार करण्यात आमच्या दोन भेटी गेल्या. स्टँडवरून हलण्यापेक्षा ते अवघड गेलं. पहिले काही दिवस ते खोलीतही चपला उशाखाली घेऊन झोपत होते. सोबतची पोरं हसली, तेव्हा त्यांच्या ते लक्षात आलं.

शेवटच्या भेटीत मी फाइल मिटता मिटता तो जुना तक्ता काढला. चेष्टेच्या सुरात म्हटलं, उस्ताद, सात दिवस साडेदहा! एवढी थाप?

त्यांना राग आला. “मी खोटां लिवक नाय, बाई. साडेधाक बाकडां रिकामां व्हयचां.”