तिसऱ्या वाढदिवसापूर्वीची तयारी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. डाउन सिंड्रोम असलेला आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याच्यासाठी थेरपिस्ट घरी येतात. तीन वर्षे पूर्ण झाली की ही सेवा थांबेल आणि पुढचे शाळा पाहील, असे समजले. मध्येच खंड पडला तर काय, ही चिंता आहे. आम्ही आतापासून काय करावे?

उत्तर : अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या ‘आयडिया’ या संघीय कायद्याचा ‘पार्ट सी’ (अगदी लहान मुलांना आत्ता मिळते तशी थेरपी देणारा भाग) साधारणपणे तिसऱ्या वाढदिवसापर्यंत लागू असतो, त्यानंतरची जबाबदारी ‘पार्ट बी’नुसार (शालेय विशेष शिक्षणाचा भाग) स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, जाते. मूल पुढील सेवेस पात्र ठरण्याची शक्यता असल्यास, पालकांच्या संमतीने ट्रान्झिशनची (एका सेवेतून दुसरीकडे जाण्याच्या नियोजनाची) बैठक वाढदिवसाच्या किमान 90 दिवस आधी व्हावी लागते, आणि ती 9 महिने आधीही घेता येते. आपली वेळ आलेलीच आहे. सध्याच्या सेवांची जुळवाजुळव पाहणाऱ्या सर्व्हिस कोऑर्डिनेटरने विषय काढला नसेल, तर आपणच ईमेलने बैठक मागावी. तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही.

पात्रता मात्र नव्याने तपासली जाते, त्यामुळे मूल्यमापनाला लेखी संमती देण्यास उशीर करू नये. पात्र मुलाची आयईपी, म्हणजे खास त्याच्यासाठी आखलेली लेखी शिक्षण-योजना, तिसऱ्या वाढदिवसापर्यंत तयार असावी लागते. वाढदिवस उन्हाळी सुटीत येत असेल, तर सेवा कोणत्या तारखेला सुरू होणार हे आयईपीची टीम ठरवते, म्हणून ती तारीख बैठकीतच विचारून घ्यावी.

मराठी घरांत एक गोष्ट हमखास निसटते. मूल्यमापन शक्य असेल तिथे मुलाच्या घरच्या भाषेत व्हावे, असे कायदा सांगतो. ‘वॉटर’ म्हटल्यावर गप्प बसणारा मुलगा ‘पाणी’ म्हणताच पेल्याकडे बोट दाखवत असेल, तर त्याला कळत नाही असा शेरा पडणे अन्यायाचे आहे. तेव्हा दुभाष्या आधीच मागावा. शिवाय बाहेर जायचे असले की तो स्वतःचे बूट आणून देतो, एका हाताने कठड्याला धरून पायरी चढतो, अशा बारीकसारीक नोंदी लिहून न्याव्यात. अनोळखी खोलीत तासाभरात त्या कोणालाच दिसणार नाहीत.

आपण विनंती केल्यास पहिल्या आयईपी बैठकीचे निमंत्रण सध्याच्या कोऑर्डिनेटरलाही पाठवणे डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. ही विनंती जरूर करावी. वेगळाच वर्ग सुचवला गेल्यास, इतर मुलांबरोबरच्या वर्गात मदतनीस देऊन का चालणार नाही, असे स्पष्ट विचारावे. आपल्या लेखी संमतीशिवाय पहिली सेवा सुरू करता येत नाही. त्यामुळे मसुदा घरी नेऊन शांतपणे वाचावा आणि मगच सही करावी.