वाऱ्याचाच भरवसा नसेल, तर महासंगणकावर इमारतीचे गणित करून काय साधते?

वारा किती वेगाने आणि कोणत्या बाजूने येईल हेच ठरलेले नसताना महासंगणकावर त्याचे गणित मांडून उपयोग काय, आणि सोलापुरात होऊ घातलेल्या बारा मजली इमारतीसाठी तसे काही करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरातच स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करतो. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

आपल्याकडे वाऱ्याचा भार आयएस ८७५ भाग ३ (२०१५) या भारतीय मानकानुसार काढतात. जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांच्या सरासरीचा आणि साधारण पन्नास वर्षांतून एकदा ओलांडला जाऊ शकेल असा झोत हा त्यातील मूळ वेग होय. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे या दोन आकड्यांत वेगाचा फरक जेमतेम १३ टक्के असला, तरी दाबाचा फरक २७ टक्के पडतो. वेगाच्या अंदाजातील थोडी चूकही किती महाग पडते, ते यावरून दिसेल.

त्यात आपल्या भागात सर्वांत त्रास देतो तो वळीव. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि दहा-पंधरा मिनिटांत कारखान्यांचे पत्रे उडतात. मानकातील तक्ता उंचीबरोबर वेग वाढत जातो असे धरतो. वादळी ढगातून खाली आदळून पसरणाऱ्या वाऱ्याचा जोर मात्र बरेचदा जमिनीपासून काही दशक मीटरांवरच सर्वाधिक असतो. शिवाय शेजारी उद्या काय उभे राहील, हेही माहीत नसते. इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे १ नोव्हेंबर १९६५ रोजी आठपैकी तीन शीतलक मनोरे कोसळले, त्यामागे मनोऱ्यांच्या गटामुळे बदललेल्या प्रवाहाचा मोठा वाटा होता. विंड टनेलमधील, म्हणजे कृत्रिम वारा सोडून प्रतिकृती तपासणाऱ्या बोगद्यातील, चाचणी मात्र एकट्या मनोऱ्याची झाली होती.

महासंगणक ही अनिश्चितता घालवत नाही; ती मोजतो. वेग, दिशा, झोतांची तीव्रता आणि भोवतालचा खडबडीतपणा यांची शेकडो संभाव्य मिश्रणे घेऊन प्रत्येकासाठी इमारतीभोवतीचा प्रवाह सोडवायचा आणि इमारतीच्या तळाशी येणाऱ्या आघूर्णाचे (उलथवू पाहणाऱ्या परिणामाचे) एक उत्तर न काढता उत्तरांचा पसारा काढायचा, ही माँटे कार्लो पद्धत. अडचण अशी की, तिची चूक दहापट कमी करायची तर शंभरपट नमुने लागतात. तशात प्रवाहाच्या गणितासाठी हवेचे जे लहान लहान तुकडे पाडतात, त्यांची प्रत्येक बाजू निम्मी केली की तुकडे आठपट होतात आणि काळाची पावलेही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम सुमारे सोळापट वाढते. एकच बारीक गणित मोठ्या यंत्रावर दिवसभर चालत असेल, तर अशी हजार गणिते कोण करणार?

यावरचा तोडगा मला फार आवडतो. बहुस्तरीय माँटे कार्लो पद्धतीत, जी गणितज्ञ माइक जाइल्स यांच्या २००८ मधील शोधनिबंधानंतर रूढ झाली, बहुतेक नमुने जाड जाळीवर, म्हणजे हवेचे मोठे तुकडे पाडून, स्वस्तात चालवतात आणि जाड व बारीक जाळीच्या उत्तरांतील फरक तेवढा थोड्या नमुन्यांवरून काढतात. हा फरक नमुन्यागणिक फारसा हेलकावत नसल्यामुळे थोडे नमुने पुरतात. ही गणिते एकमेकांवर अवलंबून नसल्याने हजारो प्रोसेसरांवर एकाच वेळी वाटता येतात. युरोपात २०१८ मध्ये सुरू झालेल्या एक्साक्यूट प्रकल्पात बार्सिलोनाच्या सिम्ने संस्थेच्या पुढाकाराने नेमके हेच काम झाले: अनिश्चित वाऱ्यात इमारतीचा आकार कसा असावा, हे ठरवणे. अशा कामात सरासरी भारापेक्षा सर्वांत वाईट पाच टक्के प्रसंगांची सरासरी कमी करणारा आकार शोधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण इमारत सरासरी वाऱ्याने पडत नाही. अर्थात, नमुन्यांसाठी दिलेली वाऱ्याची आकडेवारीच तुटपुंजी असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी उत्तर तेवढेच कच्चे राहते, आणि विंड टनेलमध्ये पडताळा घेतल्याशिवाय मी तरी त्यावर सही करणार नाही.

आता आपली इमारत. उंची ३६ मीटर आणि अरुंद बाजू १५ मीटर धरली, तर उंची-रुंदीचे गुणोत्तर २.४ येते; मानकात वाऱ्याच्या गतिक परिणामांचा (इमारत झुलण्याचा) विचार करण्यासाठी पाचची मर्यादा आहे, म्हणजे आपण तिच्या बरेच आत आहोत. दुसरी अट नैसर्गिक वारंवारता (इमारत सेकंदाला किती वेळा झुलते ती) एक हर्ट्झपेक्षा कमी नसण्याची. प्रचलित सूत्राने शिअर वॉल (आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) असलेल्या अशा इमारतीचा दोलनकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, ०.८४ सेकंद, म्हणजे वारंवारता सुमारे १.२ हर्ट्झ येते. हे सीमेच्या जवळ असल्यामुळे आपल्या इंजिनिअरकडून नीट तपासून घ्यावे. ती कमी भरली, तरी मानकातील गस्ट फॅक्टर पद्धत (झोतांमुळे वाढणारा भार एका गुणकाने धरणारी) पुरेशी आहे. महासंगणकाचा खर्च येथे करू नये.

त्याच आवारात पत्र्याची शेड असेल, तर माझे अधिक लक्ष तिच्याकडे जाईल. वादळात शटर उघडे राहिले की आतला दाब छताला खालून वर ढकलतो आणि त्याच वेळी बाहेरचा वारा ते वर ओढतो. मानकानुसार भिंतीतील उघडीक २० टक्क्यांहून अधिक असल्यास आतल्या दाबाचा गुणांक ०.७ धरावा लागतो, पाच टक्क्यांपर्यंत तो ०.२ असतो. कडेच्या आणि कोपऱ्यांच्या पत्र्यांचे हुक बोल्ट याच हिशेबाने जवळजवळ लावून घ्यावेत.